नकाशात नसलेली खोली

ठोकेमामांनी एकतीस वर्षं तांब्याच्या खाणीचं छत ठोकलं. लांब सळईने वर ठोकायचं; ठण्ण वाजलं की माणसं आत, भद्द वाजलं की माणसं बाहेर. एवढंच काम, पण ते नीट झाल्यामुळे पुष्कळ जण धडधाकट घरी पोचले. मग कंपनीने भुयारं बंद केली आणि वरूनच डोंगर सोलायला घेतला. खुल्या खाणीला छतच नसतं. मामांना गेटवर हेल्मेटं वाटायला बसवलं, आणि त्यांची मुलगी खड्ड्यात शंभर टनी डंपर चालवू लागली.

खड्डा जसजसा खाली जाऊ लागला, तसतशी मामांची झोप उडाली. जुनी भुयारं नकाशात पाहून आधीच बुजवली जात होती. पण एक खोली नकाशात नव्हतीच. कंपनीची जेवणाची जागा लांब, म्हणून मामांनी आणि तिघा सोबत्यांनी साहेबांना चुकवून एका वळणाशी ऐसपैस खोली खोदली होती. बाकड्यांसकट. ते तिघे आता हयात नव्हते. आणि डंपरचा नवा रस्ता बरोब्बर तिच्यावरून आखला होता.

"बाबा, चार दिवस काय लपवताय?" मुलीने विचारलं.

मामांनी सांगून टाकलं.

"म्हणजे तुमच्या डुलक्यांपायी मी डंपरसकट गडप!"

"जेवायची खोली होती गं. डुलकी नंतर."

"उठा. आधी साहेबांकडे."

इंजिनिअरने नकाशा उलगडला. "इथे काही नाही, मामा."

"असेल कसं? तुमच्या आधीच्या साहेबांना चुकवूनच तर खोदली."

इंजिनिअरने रस्ता थांबवला, हलकं ड्रिल मागवलं. पहिल्या भोकात अख्खा कातळ. दुसऱ्यातही. ड्रिलवाला मामांकडे, म्हातारपणी असं होतंच, अशा नजरेने बघू लागला. तिसऱ्या भोकात सहा मीटरवर आवाज बदलला.

"थांबव!" मामा ओरडले, तोच दांडा गचकन खाली गेला.

इंजिनिअरने नकाशावर तिथे लाल फुली मारली. "अशा अजून किती?"

"एकच. आम्ही काय चाळ बांधत होतो?"

मामा कारवाईच्या कागदाची वाट बघत होते. कागद आला तो बदलीचा: उद्यापासून जुन्या पोकळ्या शोधणाऱ्या सर्व्हेवाल्यांबरोबर.

त्या दुपारी डंपर गेटजवळच्या लांबच्या वळणाने गेले. फेरीला सात मिनिटं जास्त लागतात, म्हणून मुलगी गेटवर कुरकुर करून गेली. मामांनी ती फार समाधानाने ऐकून घेतली. पुढच्या फेरीला ती न बोलताच निघाली, तेव्हा त्यांनी आपणहून हाक मारली, "काय गं, वैताग येतो ना?"