कैचीचाचा आणि आमची कामिनी

कैचीचाचांनी आल्या आल्या झाडाला कधी हात लावला नाही. आधी घरातली माणसं कुठं बसतात ते विचारत, तिथं स्वतः जाऊन बसत आणि तिथून झाड बघत. रिसोडात आमच्या गल्लीतल्या सगळ्या शोभेच्या झाडांची छाटणी तेच करत. त्यांच्या या बसण्यापायी चहा दोनदा टाकावा लागे, म्हणून मी वैतागायची.

"चाचा, झाड बाहेर आहे," मी एकदा म्हटलंच.

"बाहेरून तं सारेच पाह्यतात, भाभी. घरातून कोन पाह्यते थे सांगा."

आमच्या खिडकीसमोर कामिनी होती. चाचांनी ती इतकी गोल राखलेली, की बसस्टँडकडे जाणारे लोक थांबून बघत. मला त्याचा केवढा तोरा! मग आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. पलंग खिडकीशी लावला, तर समोर नुसता हिरवा पाला. दिवसभर त्याच्याकडे बघत पडून असायचे. मला ते बघवत नसे.

त्या वर्षी चाचा आले ते थेट पलंगाशी. ह्यांच्या उशीला स्वतःचं डोकं टेकवून बाहेर पाहिलं. "भाऊ, काय पाह्यचं हाय?" ह्यांनी चांगल्या हाताचं बोट उचललं. मी चहा टाकायला आत गेले. परत येते तो काय, माझ्या कामिनीच्या एका अंगाला हे एवढं भगदाड!

"अहो, सत्यानाश केलात! लोक हसतील."

"हासू द्या ना. भाऊले मोकळं झालं."

लोक हसलेच. पण ह्यांचा चेहरा निवळला. रस्त्यावरची वर्दळ दिसते, वेळ जातो, असं मी धरून चालले. चाचा दर वर्षी येऊन ते भगदाड तेवढंच राखत.

हे गेले. "भरू देऊ का आता?" चाचांनी एकदाच विचारलं. मी नको म्हटलं. यंदा चाचांचा हात थरथरतो म्हणून त्यांच्या लेकानं त्यांना वाशीमला नेलं. जाताना कैची माझ्याकडे दिली. "तुमीच करा, भाभी. पन कापाच्या आधी भाऊच्या जागेवर पडून पाहा."

त्या पलंगावर मी दोन वर्षं टेकले नव्हते. परवा पडले. रस्ता दिसतच नाही हो तिथून! कुंपणाची भिंत आड येते. दिसतो तो फक्त नळाजवळचा दगड, जिथं मी रोज तासभर पाठमोरी बसून धुणं धुते.

पडल्या पडल्या खूप रडले. मग उठले. त्या दगडाच्या आड येणारी एकच कोवळी फांदी होती, ती कापली.