चार कोपऱ्यांतलं पाणी

शकीला आपा लग्नाला आल्या की नवरीकडे कमी आणि वऱ्हाडणींच्या पोटांकडे जास्त बघायच्या. आमच्या तेलगावच्या आशाताई त्या, गावातल्या गरोदर बायकांवर लक्ष ठेवणाऱ्या. नवरा शिंपी, म्हणून गळ्यात कायम त्याची टेप. एकदा तर रस्त्यापलीकडून माझं पोट बघून त्यांनी मला सातवा महिना सांगितला होता! मी जीप चालवतो, थापाही मारतो. पण ही गोष्ट शपथेवर खरी.

"पोट थापा मारत न्हाई रे," त्या म्हणायच्या, "तुझं तोंड मारतं."

ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या गावच्या सविताला आठवा लागला होता. पोटाच्या वाढीची टेप बत्तीस सेंटिमीटरवर जायला हवी, ती दोन आठवडे अठ्ठावीसवरच अडून बसली. आपांनी तिला माझ्या जीपमध्ये बसवून तालुक्याला सोनोग्राफीला नेलं. जीप अशी हाणली की खड्डेच बाजूला झाले. डॉक्टरीणबाईंनी बाळाभोवतीचं पाणी पोटाच्या चार कोपऱ्यांत मोजलं आणि बेरीज केली. चार. पाचाच्या आत म्हणजे बाळाच्या जिवाला धोका. "भरती करा," त्या म्हणाल्या. सविता म्हणाली, "घरी इचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीचा ट्रक भरला, त्यात सविता. आपा थेट चाकापुढं उभ्या.

"मुकादम, हिला उतरवा. पोटात पाणी न्हाई, लेकरू जाईल."

"आपा, कोयता जोडीचा आस्तो. ही उतरली की हिचा नवरा बी उतरला. तुमी येता का हिच्या जागी?"

"येते! आन कोयता."

अख्खा ट्रक हसला. सविताचा नवरा खाली बघत राहिला. "आपा, तिकडं बी दवाखाना हाय," सविता वरून म्हणाली.

"मंग रोज तीन तांबे पाणी तरी पी गं!" आपा ओरडल्या. ट्रक हलला. मी जीप आडवी घातली होती, असं मी गावभर सांगतो. घातली नव्हती.

महिन्याभरानं सविता रिकाम्या हातांनी परत आली. आपा तिच्याजवळ जाऊन बसल्या, मी दारातच थांबलो.

"मी पाणी पीतच न्हवते आपा."

"तुझ्यामुळं न्हाई झालं गं ते."

"उसाच्या फडात सगळी गडीमानसं, कुठं आडोसा न्हाई. तुमी पी म्हनल्या, पन लगवीला उठून जायचं कुठं, ते न्हाई सांगितलं."

आपांनी गळ्यातली टेप काढून मुठीत गुंडाळली.

"मला बी न्हाई म्हाईत, बाई," त्या म्हणाल्या.