बोंबलाला शून्य

झाई बंदरावरच्या नितीनचं काम गावात कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. तो सॉफ्टवेअर मोजतो, एवढंच ठाऊक. शेजारचा पांड्या विचारायचा, "काट्यावर घेतोस की पट्टी लावतोस?" की नितीन गंभीर चेहऱ्यानं समजवायलाच बसायचा. सॉफ्टवेअर माणसाची किती कामं करतं, त्यावरून त्याचा आकार ठरतो. त्यासाठी आधी आतल्या माहितीची वर्गवारी करायची. धंद्याची माहिती मोजायची, नियम आणि दर अशी संदर्भाची माहितीही मोजायची. पण नुसती खूण आणि तिचं नाव, जसं 'पाल' म्हणजे पालघर, ती केवळ सोयीसाठी ठेवलेली. तिला शून्य. एवढं सांगून होईपर्यंत पांड्या जाळं उचलून निघून गेलेला असायचा.

हे वेड घरातही शिरलं होतं. एकदा त्यानं आईचे, म्हणजे हंसाबाईचे, डबे वर्गवार लावले आणि तिला दिवसभर हळद सापडली नाही.

यंदा त्याला पहिल्यांदाच एकट्याला मोजणी मिळाली, तीही एका मच्छीमार संस्थेच्या सॉफ्टवेअरची. ऑफिसची अट होती: तपासणीत टिकली तर घरूनच काम कर, नाही तर परत पुण्याला ये. नितीनला पुणं नको होतं. घरी आई एकटी असते असं तो सगळ्यांना सांगायचा, पण खरं तर तिच्यावाचून त्यालाच करमत नसे.

बोटींची माहिती मोजली. डिझेलच्या सवलतीचे नियम मोजले. महिने, तालुके, बंदरं यांना शून्य देताना हात जरासुद्धा अडखळला नाही. मग आली मासळीची नावं. बोंबील, मांदेली, घोळ, पापलेट. खूण आणि नाव, बाकी काही नाही. नियम स्पष्ट होता. पण बोंबलाला शून्य? ज्याच्या जिवावर आपण शिकलो, त्याला? गड्याच्या मनाला ते पटेना. त्यानं मासळीला धंद्याच्या माहितीत बसवलं आणि छाती पुढं काढून मोजणी पाठवून दिली.

सकाळी तपासणीवाल्या रुचिकाचा पुण्याहून फोन आला.

"नितीन, मासळीबद्दल संस्था काय साठवते?"

"खूण आणि नाव."

"आणि भाव?"

"तो लिलावाच्या माहितीत. तिथं मोजलाय."

"मग खुणेऐवजी अख्खं नाव टाइप केलं, तर कुणाचं काय अडेल?"

"काही नाही. पण मॅडम, बोंबील आहे तो!"

रुचिका खळखळून हसली. "मी पालघरकडच्या कासा गावची आहे रे. भाताच्या जातींना शून्य देताना माझाही जीव खालीवर झाला होता. लगेच दुरुस्त करून पाठव, मी पुढं सरकवते."

नितीन पडल्या चेहऱ्यानं कामाला लागला. काम करताना मोठ्यानं बोलायची त्याला सवय. "बोंबील, शून्य. मांदेली, शून्य." पलीकडं मासळी साफ करणाऱ्या हंसाबाईनं ते ऐकलं आणि सुरी खाली ठेवली.

दुपारी ऑफिसचा होकार आला. नितीन खुशीत जेवायला बसला, तर ताटात नुसता भात.

"आई, कालवण?"

"तुझ्या मोजणीत मासळी धरत नाहीत ना? मग ताटात कशाला?"

"अगं, मोजणी पास झाली. आता पुणं नाही. इथूनच काम."

हंसाबाईची नजर माळ्याकडं गेली. पुण्याचं नाव निघाल्यापासून त्याची बॅग माळ्यावरच आहे ना, हे ती रोज चाचपून बघत होती.

"खरंच?"

"खरंच."

तिनं पदर डोळ्यांना लावला आणि कालवणाचं अख्खं पातेलं त्याच्यापुढं ठेवलं.

"खा मेल्या," ती म्हणाली, "माझ्या तर तोंडालाच चव नव्हती इतके दिवस."