रेनकोटवाला काय म्हणाला?

ताई माझ्याकडे राहायला आली ती भाऊजी गेल्यावर. त्यांचं कुलपांचं दुकान मुलाने विकायला काढलं, आणि जन्मभर त्या दुकानाच्या मागच्या खोलीत कानस घेऊन किल्ल्या घासणारी माझी बहीण माझ्या बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत येऊन बसली. बसली ती बसलीच.

ती रडली नाही. भाऊजी गेले त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय. कसला डोंबलाचा धक्का! मी तिची सख्खी बहीण, मला कळत नाही होय? तिला दुःखही नव्हतं आणि सुटल्यासारखंही वाटत नव्हतं. चहा दिला तर प्यायची, नाही दिला तर मागायची नाही. ‘पंखा लावू?’ ‘लाव.’ ‘बंद करू?’ ‘कर.’ मी दिवसभर पडदे नि उशांचे अभ्रे शिवते आणि मशीनच्या बरोबरीने माझं तोंडही चालू असतं. पण समोरून हूं की चूं नाही म्हटल्यावर बोलणार तरी किती? मला भीती वाटायला लागली. ही अशी बसल्या बसल्याच संपून जाईल आणि आपण शेजारी अभ्रे शिवत राहू, अशी भीती.

मग माझ्या सुनेने टीव्हीवर कुठूनतरी ती जुनी मालिका शोधून काढली.

ब्रिटिश गुप्तहेरांची होती ती. काळी-पांढरी. एक रेनकोटवाला, त्याच्याबरोबर काम करणारी एक उंच बाई, आणि टेबलामागे बसून दोघांना नको तिथे धाडणारा मिशाळ साहेब. त्यांना नावं होती, पण आम्ही ती कधी घेतली नाहीत. आमच्या लहानपणी अख्ख्या इमारतीत टीव्ही एकट्या बेकरीवाल्याकडे. रविवारी बेकरी बंद असायची, तेव्हा सगळे त्याच्या गोदामात मैद्याच्या पोत्यांवर बसून ही मालिका बघायचे आणि पांढरी बुडं घेऊन घरी जायचे. मालिका इंग्रजीत, आणि शाळा पूर्ण केलेली त्या गर्दीत एकटी ताई. रेनकोटवाल्याने तोंड उघडलं की गलका व्हायचा, ‘काय म्हणाला? काय म्हणाला?’ ताई पोत्यावर उभी राहून सांगायची. काय रुबाब होता तेव्हा तिचा!

सून खाली मराठी भाषांतराच्या पट्ट्या लावून देऊन कामावर गेली. पहिल्याच भागात रेनकोटवाला गाडीतून उतरतो आणि एका पोलिसाच्या कानाला लागतो. मला ते चांगलं आठवत होतं. ताईने सांगितलं होतं, तो म्हणतो, माझी आई आजारी आहे, एवढं शेवटचं काम करतो आणि घरी जातो. बेकरीवाल्याची बायको हुंदके देऊन रडली होती. आता पट्टीवर आलं, ‘इथे पेट्रोल कुठे मिळेल?’

“ताई!” मी किंचाळलेच. “आई कुठंय?”

“अगं, मला कुठे येत होतं इंग्रजी,” ताई म्हणाली. “यस, नो, थँक्यू. बाकी सगळं ठोकून द्यायचे.”

माझ्या घरी आल्यापासून तिचं हे पहिलं धड बोलणं. मी अभ्रे गुंडाळून ठेवले. गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात.

रोज दुपारी एक भाग, असं सुरू झालं. मी जुनं आठवून सांगायचे आणि पट्टी ते खोटं पाडायची. ज्याला आम्ही रेनकोटवाल्याचा सख्खा भाऊ समजत होतो तो निघाला हॉटेलचा वेटर. ताई हसायची असं नाही म्हणता येणार, पण नाकातून जराशी हवा सोडायची. एकदा तर आपणहून चहा मागितला. मला वाटलं, जमतंय, गाडी रुळावर येतेय.

आणि मग तो भाग लागला.

उंच बाई मिशाळ साहेबासमोर उभी राहते आणि बराच वेळ बोलते. पट्टीवर काही विशेष नव्हतं. नकाशा मिळाला, गाडी सकाळची आहे, तिकीट मीच काढते, असलं. पण हा प्रसंग मला ताईच्या शब्दांत पाठ होता. गोदामात ताई तेव्हा म्हणाली होती, “ती म्हणते, मला तिकडे पाठवू नका. तो माणूस वाईट नाही, पण मला नको. मला नोकरी लागलीये. एक वर्ष द्या, मग म्हणाल ते करीन.” बाबा पुढच्या पोत्यावर बसले होते. मागे न वळता म्हणाले, “बरं. पुढे?”

ताईची तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये निवड झाली होती आणि त्याच सुमाराला भाऊजींचं स्थळ आलं होतं. महिन्याभरात लग्न झालं. नोकरीचं कोणी नावही काढलं नाही.

मी ताईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती.

“घरात तोंड उघडायची हिंमत नव्हती,” ती म्हणाली, अगदी भाव विचारावा तसं. “म्हटलं, बाईच्या तोंडून सांगावं. नाही पोचलं. कसं पोचणार? बाबांना वाटलं, मालिकेतलंच आहे. मी त्यावरच तर दिवस काढले गं. किल्ल्या घासताना स्वतःला सांगायचे, बाबांना कळलंच नाही. कळलं असतं तर त्यांनी मला पाठवलं नसतं.”

तिने पाय वर घेतले.

“याच्या पुढचे भाग मी बघितलेच नाहीत. मी गेल्यावर तुम्हाला कोण सांगायचं?”

मी रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी गोदामात ‘काय म्हणाला?’ झालं आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतं. तेव्हा बाबांनी सांगायला सुरुवात केली. घडाघडा. बेकरीवाला बघतच राहिला. “अहो, तुम्हाला येतं?” बाबा म्हणाले, “बोटीवर गोऱ्यांचं ऐकून ऐकून. पोर सांगत होती, मधे कशाला बोला.” स्वतःच्या लग्नाआधी ते बोटीच्या इंजिनात तेल घालायच्या कामावर होते, हे आम्हाला माहीत होतं. पण इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा ताईकडून वाचून घ्यायचे. आणि आमच्या लेखी इंग्रजी म्हणजे वाचायची गोष्ट. मी तेव्हा लहान. मला एवढंच कळलं की मालिकेतली सगळी मजा गेली. कोणाची आई आजारी पडेना, नुसतं पेट्रोल आणि नकाशे. त्याचा दुसरा काही अर्थ होतो, हे आजवर माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

आता शिरलं. त्यांनी मालिकेतल्या बाईचंही ऐकलं होतं आणि ताईचंही. ऐकून म्हणाले होते, बरं, पुढे. मला बाबांचा सणकून राग आला. पण जाऊन कितीतरी वर्षं झालेल्या माणसाला विचारणार काय, कप्पाळ?

ताई उत्तराची वाट बघत होती. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

“कोणी नाही,” मी म्हटलं. “नुसती चित्रं बघायचो.”

“बाबा कंटाळत असतील बिचारे.”

“हो.”

“लाव मग पुढचा.”

मी लावला. रेनकोटवाला एका पुलावर उभा होता. हा भाग मला आठवत होता. त्याने तोंड उघडलं आणि पट्टी यायच्या आत मला ते वाक्य बाबांच्या आवाजात ऐकू आलं. मग पट्टी आली. तेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ताई खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

“हा मरतो का गं?” तिने विचारलं.

“मला काय माहीत?” मी म्हटलं.