‘वाऱ्या’तली न दिसणारी चूक

छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासून वेलांटीकाकांची नजर अशी तयार झाली होती की दुकानाच्या पाटीवरचं चुकलेलं ऱ्हस्व-दीर्घ त्यांना चालत्या बसमधूनही टोचायचं. टोपणनाव त्यातूनच पडलं. छापखान्याला टाळं लागलं, तेव्हा ते भाषांतराचं यंत्र बनवणाऱ्या एका कंपनीत शब्दांच्या याद्या भरायला लागले.

काम ऐकायला सोपं. एका ओळीत एक शब्द, मग उभी रेघ, मग त्याचं सामान्यरूप, पुन्हा रेघ, आणि शेवटी तो शब्द कुठल्या नमुन्यावर चालतो त्याचा आकडा. ‘घोडा’चा ‘घोड्या’ होतो, म्हणून तो तीन नंबर. ‘काका’ जसाच्या तसा राहतो, म्हणून नऊ नंबर. सुरुवातीला कुणीतरी तिथे तीन घातला होता, तेव्हा यंत्राने ‘काक्याला विचारा’ असं भाषांतर केलं. आठवडाभर सगळं ऑफिस हसत होतं, एक काका सोडून.

त्यांच्या डोक्याला खरा ताप होता नियमांच्या कागदाचा. वर्षभरात तो पाचदा बदलला. रेघेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा, मग सोडू नका, मग डावीकडेच सोडा. दर वेळी अकरा हजार ओळी पुन्हा नीट करायच्या कुणी, तर काकांनी.

त्या सोमवारी यंत्राने त्यांची फाईल परत पाठवली. चारशे सहा ओळींत ‘रूप सापडत नाही’ असा शेरा होता. वारा, दोरा, पिंजरा, चेहरा. काकांनी एकेक ओळ डोळ्यांत तेल घालून पाहिली. वारा, रेघ, वाऱ्या, रेघ, तीन. बोट ठेवायला जागा नव्हती. बैठकीत साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “काका, आता चष्म्याचा नंबर तपासून घ्या.” त्या दिवशी काकांचा दुपारचा डबा तसाच घरी गेला.

घरी त्यांनी यादी छापून आणली. छापखान्यात एक जण वाचायचा आणि दुसरा तपासायचा, तसं त्यांनी बायकोला वाचायला बसवलं. दोन संध्याकाळी ती बिचारी ‘वाऱ्या, दोऱ्या, पिंजऱ्या’ म्हणत राहिली आणि शेवटी तिने कागद खाली ठेवले.

“अहो, सगळं सारखंच आहे. चूक नाहीच, तर सापडणार कुठून?”

काका तिच्यावरच खेकसले आणि मग उरलेली संध्याकाळ तोंड पाडून बसले.

बुधवारी ऑफिसात त्यांनी वैतागून एक ‘वाऱ्या’ खोडला आणि पुन्हा टाइप केला. ओळ पास झाली. दिसायला तर काहीच बदललं नव्हतं. मग त्यांनी खोडायची कळ मोजून दाबली. पास झालेला शब्द सहा वेळा दाबल्यावर संपला. खालच्या ओळीतल्या नापास ‘वाऱ्या’ला सात वेळा दाबावी लागली. त्या अर्ध्या ‘र’च्या पोटात एक न दिसणारं चिन्ह बसलं होतं. काकांनी निम्मी यादी ऑफिसात भरली होती आणि निम्मी घरी, आणि घरचा कीबोर्ड तो ‘ऱ्य’ वेगळ्या पद्धतीने लिहीत होता.

ते तडक प्रोग्रामरबाईंच्या टेबलापाशी गेले आणि त्यांना दोन्ही शब्द खोडून दाखवले. बाईंनी एक आज्ञा लिहिली, कळ दाबली आणि म्हणाल्या, “झालं काका, चारशे सहाच्या चारशे सहा.”

दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. काकांचे तीन दिवस गेले होते, चारचौघांत अपमान झाला होता, घरात अबोला होता. पहिल्याच महिन्यात आपण हे विचारलं होतं, असं त्यांनी सांगितलं आणि ती मेलही काढून दाखवली. ‘ऱ्य कसा लिहायचा ते नियमांत घालावं.’ खाली बाईंचंच उत्तर होतं: ‘दिसायला सारखं आहे ना, मग चालेल.’

बाईंचा चेहरा उतरला. नियम आजच घालते, असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी नवा कागद आला. चौदावा नियम होता: ‘वाऱ्या असे लिहावे, वाऱ्या असे लिहू नये.’ काकांनी कळ दाबून पाहिली. दोन्ही सहा-सहाच. बाईंनी ती आज्ञा या कागदावरही चालवली होती, आणि तिने उदाहरणातली चूकसुद्धा दुरुस्त करून टाकली होती.

काका पुन्हा बाईंच्या टेबलापाशी गेले. “उठा, मी लिहितो,” ते म्हणाले, आणि बाई खरंच खुर्चीवरून उठल्या. काकांनी सावकाश टाइप केलं: ‘ऱ्य लिहिताना कीबोर्डवरचा ऱ हाच वापरावा. वाऱ्या पूर्ण खोडायला सहा वेळा कळ दाबावी लागते. सात लागल्यास चूक आहे. ही चूक डोळ्यांना दिसत नाही.’

शेवटचं वाक्य नियमात बसत नाही, असं बाई चाचरत म्हणाल्या. काकांनी ते काढू दिलं नाही.

साहेबांना बाईंनी सगळा प्रकार कळवला. त्यावर साहेबांचं दोघांना मिळून उत्तर आलं, ‘मिटलं ना, छान.’ चष्म्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. ते उत्तर काकांनी दोनदा वाचलं, मेल बंद केली आणि घरी निघाले. बायकोशी काय बोलावं, हे बस येईपर्यंत त्यांना सुचलं नव्हतं.