मिस्त्री अंकलचा ससा

कुठल्याही लाकडाशी ओळख करून घ्यायची मिस्त्री अंकलची एक ठरलेली पद्धत होती. आधी ते हुंगायचे, मग जिभेचं टोक लावायचे, आणि मगच काय ते बोलायचे. परदेशातल्या आमच्या टार्निटच्या घराचा नवा दरवाजा त्यांनी असाच हुंगून, चाटून पाहिला आणि मला म्हणाले, "बाय, हा दरवाजा नाही. हा पुठ्ठा आहे. पण रंग छान दिलाय." ती आमची पहिली भेट. दरवाज्यासकट घराचं कर्ज आम्ही नुकतंच घेतलं होतं, तरी मला राग आला नाही. त्यांच्या बोलण्यात दरवाज्याबद्दल सहानुभूतीच जास्त होती.

ते शेजारच्या सिल्वियाचे वडील. वसईचे. पन्नासेक वर्षं सुतारकाम केलेले. चर्चमधल्या बाकांपासून लग्नाच्या पलंगांपर्यंत सगळं त्यांच्या हातून गेलेलं. नाव वेगळं होतं, पण वसईत सगळे 'मिस्त्री' म्हणायचे म्हणून आम्हीही 'मिस्त्री अंकल' म्हणायला लागलो. सिल्वियाशी ते त्यांच्या घरच्या बोलीत भरभर बोलत. ती मला निम्मी कळायची. माझ्याशी मात्र चर्चमध्ये मिसाच्या वाचनाला उभं राहिल्यासारखं सावकाश, शुद्ध मराठी. नातीच्या बाप्तिस्म्यासाठी तीन महिन्यांकरता आले, आणि तेवढ्यात साथीमुळे विमानं बंद झाली.

सिल्विया नर्स आणि तिचा नवरा पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दोघंही रोज हॉस्पिटलात जाणारे. आपल्यामुळे पपांना काही झालं तर, या भीतीने सिल्वियाने त्यांचा पलंग गॅरेजमध्ये हलवला. हीटर लावला, टीव्ही लावला, पण दारातूनच बोलायचं, जेवण दारात ठेवायचं. अंकल दिवसभर तिथे बसून. पहिल्या महिन्यात ते रोज विमानांची चौकशी करत. दुसऱ्या महिन्यात चौकशी थांबली. मग जेवणाचे डबे अर्धे परत यायला लागले.

माझी ट्रॅव्हल ऑफिसातली नोकरी सुरुवातीलाच गेली होती. मी घरीच होते. एक दिवस सिल्विया कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "केतकी, पपा बोलत नाहीत गं. काल विचारलं काय हवंय, तर म्हणाले, हाताला काहीतरी हवंय. तू त्यांना जरा चालायला नेशील का? तुझ्याबरोबर अलाउड आहे." तेव्हा घराबाहेर एका माणसाबरोबर तासभर चालायची मुभा होती. तशी आमची जोडी जमली. मास्क लावून, दोन हात अंतर ठेवून आम्ही निघायचो.

आमच्या इस्टेटची, म्हणजे नव्या वसाहतीची, शेवटची गल्ली संपली की तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे मेंढ्या. अलीकडे नव्या कोऱ्या घरांच्या रांगा, पलीकडे शंभर वर्षांपूर्वीसारखं रान. तिथे ग्रॅहम भेटायचा. सत्तरीचा, एकटा, त्या मेंढ्यांचा मालक. अंकलचं इंग्रजी जेमतेम, ग्रॅहमला इंग्रजीखेरीज काही येत नाही, आणि त्याचं इंग्रजी दाताखालून यायचं, त्यामुळे कधीकधी मलाही कळायचं नाही. तरी दोघांचं जमलं. मी 'मिस्त्री' म्हणून ओळख करून दिली, ते त्याने 'मिस्ट्री' असं ऐकलं. "मॉर्निंग, मिस्टर मिस्ट्री," असं तो लांबूनच म्हणायचा. अंकल मान झुकवून म्हणायचे, "गुड मॉर्निंग, सर. शीप ओके?"

ऑगस्टमधल्या एका सकाळी शीप ओके नव्हत्या. कुंपणाला लागून एक कोकरू पडलेलं होतं, आदल्या दिवशी जन्मलेलं. जीभ आणि शेपटी गेलेली. थोडं पुढे आणखी एक. ग्रॅहम फावडं घेऊन उभा होता. म्हणाला, कोल्हे. दर वर्षी येतात, यंदा फार. पूर्वी तो सशाच्या ओरडण्यासारखी शिट्टी वाजवून कोल्ह्याला टप्प्यात बोलवायचा आणि बंदुकीने मारायचा. खिशातून त्याने ती शिट्टी काढून दाखवली. पत्र्याची, चपटी, बटणासारखी, मधे भोक. ती दातांमध्ये धरून वाजवायची. पण गेल्या वर्षी ग्रॅहमला कवळी बसली आणि शिट्टी मुकी झाली. त्याने वाजवून दाखवली. नुसती हवा आली.

अंकलनी ते कोकरू बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "त्याला विचार, दात लागणार नाहीत अशी लाकडाची करून दिली तर चालेल का. आणि विचार, तो खांब कुठल्या झाडाचा."

तो खांब रेड गमचा, म्हणजे इथल्या एका निलगिरीचा होता, जुन्या कुंपणातून उपटून टाकलेला, वरून राखाडी. ग्रॅहमने त्याचा हातभर तुकडा करवतीने कापून तारेवरून दिला. आतून लाकूड कच्च्या मांसासारखं लाल. अंकलनी मास्क खाली करून तिथेच जीभ लावली. ग्रॅहम बघत राहिला. "तुरट," अंकल म्हणाले. "जांभळीच्या सालीसारखं. हे गाणार."

त्या दिवशी डबा रिकामा परत आला.

गॅरेजमध्ये लेथ नव्हता. अंकलनी जावयाचं ड्रिल मशीन टेबलाला आडवं आवळलं, त्याच्या तोंडात लाकडाचा तुकडा बसवला आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावून कातायला सुरुवात केली. गॅरेजचं शटर वर, मी बाहेर ड्राइव्हवेत खुर्ची टाकून. लाल भुसा त्यांच्या पांढऱ्या भुवयांवर बसायचा. हात त्या वयातही जराही हलत नसत. काम करताना ते सारखे लाकडाशी बोलत, "थांब, थांब, घाई कसली, तुला कुठे शिफ्टला जायचंय?" असं.

नळी कातणं सोपं होतं, आवाज अवघड. एका खोबणीवर पातळ पट्टी बसवायची, ती फुंकरीने थरथरली पाहिजे. अंकल म्हणाले की लहानपणी माडाच्या पातीची पिपाणी करायचो, तीच ही, फक्त कपडे बरे घातलेत. पण इथे माडाची पात कुठली? त्यांनी दह्याच्या डब्याचं झाकण कापून पाहिलं, ते बदकासारखं बोललं. आइस्क्रीमच्या डब्याचं रिक्षाच्या भोंग्यासारखं. शेवटी एके दिवशी त्यांनी बॅगेतून मोठं पाकीट काढलं. व्हिसासाठी वसईत काढलेला त्यांच्याच छातीचा एक्सरे. सिल्विया दारातून ओरडली, "पपा, तो डॉक्टरला दाखवायचाय." अंकलनी बरगड्यांच्या खालून एक पट्टी कापली आणि म्हणाले, "डॉक्टरला वरचा भाग पुरे."

ती पट्टी बसवून त्यांनी फुंकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. लहान जिवाचं, पकडलं गेल्यावरचं ओरडणं. मी ससा ओरडताना कधी ऐकला नव्हता, पण तो ससाच होता, यात शंका उरली नाही.

शंका दुसऱ्यांना आली. तिसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांची गाडी ड्राइव्हवेत उभी राहिली. गल्लीतल्या कुणीतरी कळवलं होतं की या गॅरेजमध्ये लहान मूल रडतंय, तेही रोज. दोन पोलीस उतरले, एक तरुण मुलगा आणि एक वयाने मोठी बाई. अंकलनी पटाशी खाली ठेवली, मास्क नाकावर ओढला आणि उभे राहिले. मी कुंपणावरून समजावायला लागले, पण त्यांनी मला हाताने थांबवलं आणि स्वतःच्या इंग्रजीत साक्ष दिली. "नो बेबी, मॅडम. रॅबिट. व्हेरी सॅड रॅबिट."

"कॅन आय सी द रॅबिट?" बाईने विचारलं.

अंकलनी नळी दाखवली. मास्क काढायची परवानगी मागितली, चार पावलं मागे गेले आणि फुंकलं. तरुण पोलिसाचा हात नकळत छातीवर गेला. बाई मात्र हसायला लागली. तिचे वडील मेंढपाळ होते, लांब पूर्वेकडे. "माय डॅड वुड लव्ह वन," ती म्हणाली आणि आणखी एकदा वाजवायला सांगितलं. जाताना एवढंच बजावलं की शेजाऱ्यांना आधी कळवत जा.

म्हणून मी गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला: रोज दुपारी तीन ते साडेतीन ससा रडेल, कृपया घाबरू नये. मला वाटलं होतं लोक वैतागतील. झालं उलटंच. शाळा बंद, मुलं घरात कोंडलेली. तीन वाजले की एकेका खिडकीत डोकी दिसायची. ससा रडला की समोरच्या घरातली दोन पोरं कुत्र्यासारखी उत्तर द्यायची, त्यांच्या पलीकडची मुलगी मांजरीसारखी. अंकल शटरखाली उभे राहून सगळ्यांना मान झुकवायचे. पुढे त्यांनी मुलांसाठी ती बदकाच्या आवाजाची पिपाणी पुष्कळ केली आणि प्रत्येक घराच्या पत्रपेटीत एक टाकली. आया मला अजून बोलतात त्याबद्दल.

ग्रॅहमची परीक्षा मात्र कडक होती. कुंपणापलीकडे डोळे मिटून उभा राहायचा आणि आम्ही नेलेली प्रत्येक शिट्टी ऐकून निकाल द्यायचा. "टू ओल्ड." "टू फॅट." एकदा, "दॅट वन्स ऑलरेडी डेड, मेट." मी भाषांतर करायचे आणि अंकल खूश होऊन घरी यायचे, कारण आता दुसऱ्या दिवसाला काम होतं. सातव्या शिट्टीला ग्रॅहमने डोळे उघडले, हात पुढे केला आणि ती शर्टाच्या खिशात टाकली. आठवड्याने म्हणाला, दोन कोल्हे मिळाले आणि चार दिवसांत एकही कोकरू गेलं नाही.

लॉकडाउन उठल्यावर त्याने आम्हा दोघांना टेकडीपलीकडच्या पॅडकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणात नेलं, घरांपासून लांब. संध्याकाळचं ऊन होतं. ग्रॅहम बंदूक घेऊन एका दगडी बांधाशी बसला, त्याच्या शेजारी अंकल, मागे मी. ग्रॅहमने खूण केली आणि अंकलनी शिट्टी ओठाला लावली. दोनदा फुंकलं, थांबले, पुन्हा हळू फुंकलं. गवतातून कोल्हा आला. पळत नव्हता, तुरुतुरु चालत होता, कान पुढे करून. अंगावर ऊन पडलेलं, शेपटी कणसाच्या तुऱ्यासारखी. थांबला आणि सरळ अंकलकडे बघायला लागला. मग गोळी सुटली.

अंकल उठून त्याच्याजवळ गेले. टोपी काढली. "विचार त्याला, पिल्लं असतील का हिला."

ग्रॅहमने पाहून सांगितलं, नर आहे. अंकलनी छातीवर क्रूस केला आणि टोपी घातली. घराशी गाडीतून उतरताना म्हणाले, "काम चांगलं झालं, बाय. कोकरं वाचतील. पण हे बघून टाळ्या वाजवायच्या नाहीत, एवढंच."

त्यानंतरही त्यांनी शिट्ट्या केल्या, ग्रॅहमच्या ओळखीच्या मेंढपाळांसाठी. प्रत्येक नळी कानसीने, मग पॉलिश पेपरने घासून खोबरेल तेलात न्हालेली. पण मागच्या गल्लीतला एक तरुण पंजाबी शेजारी आला आणि "अंकल, बस ऐसे ही, फन के लिए, दोस्तों के साथ शूटिंग पे जाएंगे" म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला वसईच्या हिंदीत विचारलं, "तेरा मेंढी किधर है?" मेंढी नव्हती. "तो पहले मेंढी लाव, फिर शिट्टी लेके जाव." तो बिचारा हसत परत गेला, बदकाची पिपाणी घेऊन.

सीमा उघडल्या तेव्हा तीन महिन्यांसाठी आलेले अंकल दोन वर्षांचे टार्निटकर झाले होते. निघायच्या दिवशी ग्रॅहम इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या गल्लीत आला. कुंपणाच्या या बाजूला मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. दोघांनी हात मिळवले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "यू कम बॅक, मिस्टर मिस्ट्री." अंकल म्हणाले, "यू कम वसई. नो फॉक्स. गुड फिश." सिल्विया रडत होती आणि तिची मुलगी पिपाणी वाजवत होती, त्यामुळे कुणालाच नीट रडता आलं नाही.

त्याच हिवाळ्यात ग्रॅहमची शिट्टी तडकली. बूट पडला तिच्यावर. तो माझ्याकडे आला, कारण दुसऱ्या कुणाकडे जाणार? मला मी नुसती ड्राइव्हवेत बसून बघत होते असं वाटत होतं, पण ड्रिल हातात घेतल्यावर कळलं की बरंच काही हातात उतरलंय. तरी पाच तुकडे फुकट गेले. सहाव्याचा आवाज रेकॉर्ड करून मी अंकलना वसईला पाठवला. उत्तर लगेच आलं: "बाय, ससा रडत नाहीये, तक्रार करतोय. पट्टी केसभर पातळ कर."

मी पट्टी घासली आणि पुन्हा पाठवला. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, उत्तर नाही. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, एकटा राहणारा. सिल्वियाला विचारावं की नाही, या विचारात मी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी व्हॉइस मेसेज आला. मागे कावळ्यांचा आवाज आणि अंकल अगदी हळू बोलत होते, कुणाला तरी जाग येईल अशा बेताने.

"बाय, फोन दुरुस्तीला होता. आत्ता तुझा ससा लावला, ओट्यावर बसून, मोठ्या आवाजात. वाडीतून मुंगूस आलंय. अंगणात मागच्या पायांवर उभं आहे आणि फोनकडे बघतंय. मी अंडं आणायला आत जातोय. तू पास झालीस."