शर्तींचा रकाना

माझ्या मुलीचं लग्न ठरून महिना झाला होता आणि ती दर रविवारी पोलादपूरला जायला लागली. विचारलं की म्हणायची, "मैत्रिणीकडे." ती महाडच्या एका दवाखान्यात नर्स. पोलादपूरची मैत्रीण मी कधी ऐकली नव्हती. फोन आला की उठून बाहेर जायची. अशा वेळी आईला जो संशय येतो तोच मला आला. नवऱ्याला बोलले नाही.

एका रविवारी शेजारणीचा बुरखा मागून घेतला, माझा ती लांबून ओळखते म्हणून, आणि तिच्याच एसटीत मागे बसले. पोलादपूरला उतरून ती एका बैठ्या घरात शिरली. दाराशी चपला होत्या, सगळ्या बायकांच्या. तरी मी आत डोकावलेच.

उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर कुराणाचा मराठी तर्जुमा. समोर सात-आठ बायका. बाई सांगत होत्या, निकाह हा करार आहे, नवरी त्यात आपली शर्त लिहून घेऊ शकते.

मुलीने मला आवाजावरून ओळखलं, कारण मी विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मला वाटलं, मुंबईची कुठली तरी संस्था असणार.

"माझ्या अब्बांनी," बाई म्हणाल्या. "ते काझी होते."

परतताना मी मुलीला विचारलं, "मुलगा पसंत नाही का?"

"आहे."

"मग शर्त कशाला?"

"पसंत आहे म्हणून आत्ताच बोलते, अम्मी. नंतर कोण ऐकणार?"

घरी आल्यावर मी माझा निकाहनामा काढला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वाचला. शर्तींच्या रकान्यात आडवी रेघ मारलेली होती. ती मारताना मला कोणी विचारल्याचं आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात वीर गावाहून मुलाकडचे आले. मुलीने सांगितलं, नोकरी सोडायला लावणार नाही, एवढं लिहून हवं. मुलाचे वडील माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "आमच्यावर भरवसा नाय काय?" नवरा खाली बघत राहिला.

मुलाची आई म्हणाली, "हे पोरीच्या डोक्यातलं नाय. कोणीतरी शिकवलंय."

"मी शिकवलं," मी म्हणाले. का म्हणाले, मलाही कळलं नाही. नवऱ्याने मान वर केली.

मग मुलगाच म्हणाला, "लिहा ना. मी कुठं तिला घरी बसवणार हाय?" निकाहाच्या दिवशी काझींनी ती ओळ सगळ्यांसमोर वाचली.

आता वर्ष झालं. मुलगी वीरहून रिक्षाने महाडला ड्यूटीला येते. सासू तिच्या येण्याजाण्याच्या वेळा बघते, कधी मला फोन करून खातरजमा करते. मीही मुलीच्या बोलण्यात काही दडलंय का ते शोधत असते. परवा तिच्या सासूबाईंचा फोन आला.

"तुम्ही नाय शिकवलं तिला, मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "ती पोलादपूरची बाई पुस्तकात बघून सांगते, का मनचं?"

"पुस्तकात बघून."

"कंच्या पानावर?"

बाईंनी त्या दिवशी दाखवलेली सुरा, म्हणजे कुराणातला अध्याय, मी सांगितली. त्यांनी फोन ठेवला. त्यांना वाचायचं होतं की आम्हाला खोटं पाडायचं होतं, ते अजून मला कळलेलं नाही.